आठ दशांशाचं पठार

“ह्यां काय गो?”

केळुसकर सरांनी माझा आलेख आधी सुलटा पाहिला, मग आडवा धरला, मग खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. मूळचे वेंगुर्ल्याकडचे सर एरवी छापल्यासारखं शुद्ध मराठी बोलत. मालवणी त्यांच्या तोंडात दोनच वेळा येई, फार आनंद झाला की किंवा डोकं फिरलं की. त्या सकाळी आनंदाचं काही कारण नव्हतं.

“आलेख आहे, सर.”

“ते दिसतंय मला. मी पठार सांगितलं होतं, तू डोंगर आणलास. खैरमोडे, तू साताऱ्याची ना? पठारांच्या मुलखात वाढलीस आणि तुला कागदावर एक पठार काढता येत नाही?”

“काढता येईल, सर. मोजल्यावर येत नाही.”

हे वाक्य गिळलं असतं तर बरं झालं असतं. पण माझी जीभ लहानपणापासून माझ्या एक पाऊल पुढेच चालते. सरांनी आलेख टेबलावर ठेवला, खिशातली सागवानी फूटपट्टी काढली आणि ती कागदावर आडवी टेकवली, बरोबर ०.८ या आकड्यावर. माझ्या डोंगराचं शिखर पट्टीच्या बरंच खाली होतं. ०.४२. नियमाच्या जेमतेम निम्मं.

“तार घाण झाली असणार,” सर म्हणाले. “तार बदल आणि पुन्हा मोज.”

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. कृष्णाकाठच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी पीएचडी करत होते. आमच्या प्रयोगशाळेत लाकडी वातबोगदा होता, म्हणजे दोन्ही टोकांना उघडी अशी लांबलचक पेटी. एका टोकाला मोठा पंखा, दुसऱ्या टोकाला धातूची जाळी. पंखा हवा ओढायचा, ती जाळीतून आत शिरायची, शिरताना तिचे भोवरे व्हायचे, मोठ्या भोवऱ्यांतून लहान आणि लहानांतून आणखी लहान, आणि शेवटी ते सगळे विझून जायचे. केसाहून बारीक तापलेली तार मध्ये धरून आम्ही या गोंधळाचा वेग मोजत असू. माझी आत्या विचारायची, “वारा मोजून काय मिळतं?” मी सांगायचे, “डॉक्टरकी.” मग ती मला तिचा दुखरा गुडघा दाखवायची.

या गोंधळाबद्दल एक फार देखणा नियम आहे. वाऱ्यातल्या जवळजवळच्या दोन ठिकाणी वेगात किती फरक आहे ते घ्यायचं, त्या फरकाचा घन करायचा, अशा लाखो घनांची सरासरी काढायची. तिला त्या दोन ठिकाणांमधल्या अंतरानं आणि भोवऱ्यांची ऊर्जा ज्या दरानं विझते त्या दरानं भागायचं. चिन्ह सोडलं तर उत्तर चार पंचमांश. म्हणजे आठ दशांश. वारा कुठलाही असो, जाळी कुठलीही असो. अंतर फार लहान नाही, फार मोठं नाही, असं मधलं घेतलं की आलेख ०.८ वर चढतो आणि तिथं सपाट चालत राहतो. तेच आमचं पठार.

सरांच्या हाताखाली आजवर सहा जणांची पीएचडी झाली होती आणि सहाही जणांना ते पठार सापडलं होतं. आलेख फूटपट्टीला टेकला की सर स्वतः ब्रश घेऊन बोगद्याच्या लाकडी कुशीवर त्या विद्यार्थ्याचं नाव पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहीत. मग प्रबंधावर सही. सातव्या नावाची जागा आखून ठेवली होती. सर त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्यांची सही त्याआधी मिळाली नाही तर मला दुसरा गाईड शोधून सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं, आणि आमच्या कॉलेजात वाऱ्यातलं कळणारा दुसरा माणूस नव्हता. थोडक्यात, माझं सगळं त्या डोंगरावर अडकलं होतं.

तार बदलली. डोंगर आला. जाळी उतरवून घासली, तिच्यात अडकलेलं कबुतराचं पीस काढलं. डोंगर आला. खिडक्या बंद केल्या, दाराला आतून कडी घातली, पंख्याला तेल दिलं. डोंगर आला, आणि तोसुद्धा तेवढ्याच उंचीचा. एखाद्या चुकीनं इतकं इमानदार असावं याचंच मला नवल वाटायला लागलं.

“सर,” एका दुपारी मी विचारलं, “बाकीच्यांना आठ दशांश कसं आलं?”

“काळजीपूर्वक काम केलं म्हणून.”

“पण ऊर्जा विझण्याचा दर त्यांनी आणला कुठून?”

“शिखरावरून. शिखर आठ दशांश धरायचं आणि उलट हिशेब करून दर काढायचा. या प्रयोगशाळेची पद्धतच आहे ती.”

“आणि मग तो दर वापरून शिखर किती उंच ते काढायचं?”

“अर्थात.”

“मग ते आठ दशांशच येणार ना, सर?”

सरांनी पट्टी खिशात घातली.

“चहा घेतेस?” ते म्हणाले.

आम्ही चहा घेतला. चहा संपेपर्यंत दोघंही हवापाण्याबद्दल बोललो. कप खाली ठेवताना सर म्हणाले, “दर वेगळा मोजायला गेलं की चुका फार होतात, खैरमोडे. हात चुकतो. नियम चुकत नाही. म्हणून ज्यावर भरवसा आहे तिथून सुरुवात करायची.”

“मी दर वेगळा मोजलाय. बोगद्यात पुढंपुढं जाताना भोवरे किती मंदावतात त्यावरून.”

“ठाऊक आहे मला. म्हणून तर डोंगर येतोय.” आणि मग आवाज उतरवून, जवळजवळ समजूत काढल्यासारखं म्हणाले, “हात सगळ्यांचाच चांगला असतो असं नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पद्धतीनं दर काढ, नाव लिहू, सही करतो.”

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण ते हे बोलले ते मला हिणवायला नव्हे. त्यांना माझी खरोखर कीव आली होती, आणि ते मला रागापेक्षा जास्त लागलं. घरी जाताना सायकलवर मी मोठमोठ्यानं स्वतःशी भांडत होते. पुलावर एक म्हातारा मला बघून बाजूला झाला.

भांडता भांडताच डोक्यात आलं. आमचा पंखा वर्षानुवर्षं एकाच वेगानं फिरत होता. सरांनी तो वेग ठरवला होता, कारण त्याहून जोरात फिरवला तर शेजारच्या ड्रॉइंग हॉलमधून तक्रार यायची. बोगदा हवा ओढायचा ती त्या हॉलमधूनच. म्हणजे आम्ही सगळ्यांनी एकाच वाऱ्याकडे बघून सगळ्या वाऱ्यांचं बोलणं चालवलं होतं. डोंगराची उंची वाऱ्यागणिक बदलते का, हे कुणी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आधी पंखा हळू केला. डोंगर बुटका झाला, ०.३३. नेहमीच्या वेगाला ०.४२. मग मी सुताराकडून जाड पट्ट्यांची मोठ्या घरांची जाळी करून घेतली, ती बसवली आणि देवाचं नाव घेऊन पंख्याचा खटका शेवटपर्यंत ओढला.

बोगदा गुरगुरायला लागला. काचा थरथरल्या. ड्रॉइंग हॉलमधून आधी एक आरोळी आली, मग बरेच जण एकदम हसल्याचा आवाज, आणि नटबोल्टचा एक सुरेख आराखडा उडत येऊन माझ्या जाळीला चिकटला. त्याच्या मागोमाग ड्रॉइंगचे गोडखिंडी सर आले.

“बाई, माझा वर्ग तुमच्या यंत्रात चाललाय!”

“पाच मिनिटं, सर! तेवढी पाच मिनिटं पोरांना कागदावर कोपर टेकायला सांगा!”

गोडखिंडी सर भला माणूस. तोंडानं मला शिव्या देत, हातानं आराखडा सोडवत, ते परत गेले, आणि सगळा वर्ग माझ्यासाठी कागदांवर कोपर टेकून बसला. त्या पाच मिनिटांत शिखर ०.४९ झालं.

डोंगर वाढत होता!

शिखर आठ दशांशापासून जेवढं कमी पडत होतं, त्याला मी तूट म्हणायला लागले. एका बाजूला तूट आणि दुसऱ्या बाजूला रेनॉल्ड्स अंक असा नवा आलेख काढला. रेनॉल्ड्स अंक म्हणजे वाऱ्याचा धसमुसळेपणा त्याच्या चिकटपणाच्या किती पट आहे, ते सांगणारा आकडा. वारा जोराचा आणि जाळी मोठी, तर अंक मोठा. लॉगच्या कागदावर माझी सगळी टिंबं ओळीनं उतरत गेली, शाळेतली मुलं प्रार्थनेला जातात तशी. तूट कमी होत होती, पण फार सावकाश. मी तो कागद सरांना दाखवला.

सरांनी तो बराच वेळ पाहिला. पट्टी काढली नाही. “हरकरे येतोय परीक्षक म्हणून,” एवढंच म्हणाले. “सादरीकरणात दाखव. तो म्हणेल ते मला मान्य.”

हरकरे सर नागपूरचे. दोघं एका वर्गातले आणि तेव्हापासूनचे भांडखोर दोस्त. ते आले ते संत्रा बर्फीचा खोका काखेत मारून आणि दारातूनच ओरडत. “काय करून राहिला बे केळुसकर? अजून वारंच खाऊन राहिला?”

“तुझ्यासारखी बर्फी परवडत नाही, हरकऱ्या. खैरमोडे, कर सुरू.”

खोलीत सगळा विभाग होता, गोडखिंडी सर धरून. मी आधी डोंगर दाखवला. मग पंख्याच्या कुठल्या वेगाला शिखर किती, ते दाखवलं. हरकरे सरांनी हात वर केला.

“म्हणजे नियम खोटा आहे, असं म्हणून राहिली का तू?”

“नाही, सर. नियम खराच आहे. पण तो रेनॉल्ड्स अंक अनंत असेल तेव्हाचा आहे, आणि आमचा पंखा अनंत नाही.”

“अनंत नाही तर काय बिघडते?”

इथं मी गणित सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

“सर, आमचं घर मोठं आहे. आजोबा काही बोलले की ते काकांना, काकांकडून मोठ्या भावाला, असं खाली येतं. मधल्या माणसानं आपल्या पदरचं काही घालायचं नाही, मधे काही ठेवून घ्यायचं नाही, आलं तेवढं पुढं द्यायचं. नियम त्या मधल्या माणसांचा आहे. वरून मोठे भोवरे ऊर्जा देतात, खाली अगदी लहान भोवरे ती विझवतात, आणि मधले फक्त पुढं पाठवतात. मधल्या पिढ्या भरपूर असतील तर हिशेब चोख, आठ दशांश. पण घरात तीनच माणसं असली तर? आजोबा थेट नातवावरच ओरडतात. मधल्याला नुसतं मधलं राहताच येत नाही, वरचाही त्रास आणि खालचाही. आमच्या बोगद्यातलं कुटुंब लहान आहे, सर. आणि त्यातून आजोबा थकत चाललेत, कारण जाळीपासून लांब जाईल तसा वारा मंदावतो. म्हणून तूट येते. ती चूक नाही. वारा लहान असण्याची ती किंमत आहे.”

गोडखिंडी सर हसले. हरकरे सर हसले नाहीत. ते पुढे येऊन फळ्यावर टाचलेल्या तुटीच्या आलेखाला नाक लावून बघत होते.

“तूट जवळपास संपायले किती मोठा बोगदा लागेल? काढलं का?”

“काढलंय, सर. हाच वेग ठेवला तर सगळंच दहा लाख पट मोठं करायला हवं. आमच्या बोगद्याचं तोंड सव्वादोन फुटांचं आहे.” मी सरांकडे चोरून बघितलं. “नव्या बोगद्याचं तोंड इथपासून नागपूरपर्यंत येईल. लांबीचा हिशेब मी केला नाही.”

आता मात्र हरकरे सर टेबलावर हात आपटून हसले. “म्हणजे मी घरबसल्या तुझ्या वाऱ्यात! केळुसकर, ऐकलं का बे? पोरगी बरोबर बोलून राहिली. सही करून टाक.”

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सर उठले. माझ्या हातातली पेन्सिल त्यांनी मागितली सुद्धा नाही, सरळ घेतली. फळ्यावरच्या त्याच आलेखापाशी गेले, खालच्या अक्षावर बोट सरकवत एका जागी थांबले, मग वर गेले. माझ्या सगळ्यात हळू वाऱ्याच्याही बरंच अलीकडे, मोकळ्या जागेत, त्यांनी एक टिंब दिलं.

“शिखर पॉइंट सव्वीस, म्हणजे तूट पॉइंट चोपन्न,” ते म्हणाले. “आता पट्टी ठेव.”

त्यांनीच खिशातून फूटपट्टी काढून दिली. मी ती माझ्या टिंबांवर तिरपी ठेवली आणि रेघ हळू वाऱ्याच्या बाजूला वर वाढवत नेली. ती सरांच्या टिंबातून गेली.

“कोणाचं आहे बे हे?” हरकरे सरांनी विचारलं.

“एका विद्यार्थ्याचं. जुनं आहे.” सरांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ लागला. “हरकऱ्या, बर्फी फोड. खैरमोडे, प्रबंध आण.”

त्यांनी तिथंच उभ्यानं सही केली. संध्याकाळी बोगद्याच्या कुशीवर माझं नाव लिहिलं आणि नावापुढं, आजवर कुणाच्याच नावापुढं नव्हता तो आकडा लिहिला, ०.४९. मी इतकी खुशीत होते की ते टिंब कुणाचं हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आत्याला जाऊन सांगितलं, डॉक्टर झाले. तिनं पुन्हा गुडघा दाखवला.

सर निवृत्त होऊन गावी गेले. काही वर्षांनी, मी स्वतः शिकवायला लागल्यावर, एका हिवाळ्यात त्यांना भेटायला गेले. सर वाळले होते, पण तरतरीत होते. जेवण होताच म्हणाले, “चल, तुला आमचा सडा दाखवतो.”

या सड्याचं कौतुक मी त्यांच्या हाताखाली असताना रोज ऐकलं होतं. गावामागं टेकडीच्या माथ्यावरचं कातळाचं पठार. “आलेख कसा हवा? आमच्या सड्यासारखा. पोळपाट!” असं ते म्हणायचे. आम्ही धापा टाकत वर पोचलो. मी आजूबाजूला बघितलं. इथं खळगा, तिथं उंचवटा, मधे कुठं पाण्यानं खाल्लेली घळ. चालताना दोनदा माझा पाय मुरगळता मुरगळता राहिला.

“सर, हा सपाट नाही.”

“जवळून बघतेस म्हणून.”

“किती लांबून बघायला हवा?”

“नागपुरातून,” सर म्हणाले, आणि आम्ही दोघं त्या उघड्या माळावर पोट धरून हसलो.

हसणं ओसरल्यावर आम्ही एका कातळावर बसलो. खाली माडांची गर्दी होती, पलीकडे समुद्र. मला एकदम आठवलं.

“सर, ते टिंब कुणाचं होतं?”

“माझं.”

मी त्यांच्याकडे वळून बसले.

“तुझ्याएवढा होतो,” ते म्हणाले. “मीसुद्धा दर वेगळा मोजला होता. पॉइंट सव्वीस आलं. माझे गाईड म्हणाले, तार घाण आहे. तार बदलली. पुन्हा पॉइंट सव्वीस. मग म्हणाले, केळुसकर, तुझा हातच प्रयोगाचा नाही, पद्धतीनं दर काढ आणि मोकळा हो. झालो मोकळा. पण तो आकडा काही डोक्यातून गेला नाही. पुढं जन्मभर प्रयोगशाळा चालवली, पण स्वतः तारेला हात लावला नाही. तुम्हा पोरांकडून करून घ्यायचो. म्हटलं, आपला हात लागला तर बिघडेल.”

मला आठवलं, सरांना बोगद्यात हात घालताना मी कधीच पाहिलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, मोठा माणूस आहे, कशाला करेल.

सरांनी उजवा हात पुढे केला. आधी सुलटा पाहिला, मग आडवा धरला, मग समुद्राकडच्या उजेडात नेला. माझ्या आलेखाकडे पाहिलं होतं तसंच. पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

“हात वायट नाय होतो गो माझो,” सर म्हणाले. “वारोच कमी होतो.”